टेकलेले पाय

मुकुंदवाडीतल्या त्या खोलीत सकाळ एकदम होत नसे. पूर्वेच्या खिडकीला आईने जुन्या साडीचा पडदा शिवून लावला होता. उजेड आधी त्या पडद्यात भिजल्यासारखा थांबायचा आणि साडीचा विटका जांभळा रंग तेवढा खोलीभर पसरायचा. मग पडदा आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून पहिली तिरीप आत यायची. सुरुवातीला ती समोरच्या भिंतीवर अगदी वर, छताच्या पत्र्याला लागून असायची. बोटाएवढी अरुंद, जराशी थरथरणारी. तिथून ती खाली उतरू लागायची. बाबासाहेबांच्या तसबिरीवर आली की क्षणभर नुसती काच चमकायची, चेहरा दिसेनासा व्हायचा. शेजारच्या बुद्धाच्या तसबिरीला काच नव्हती. तिच्यावरून ती सावकाश जायची, मिटल्या पापण्यांवरून, खांद्यावरून, मांडीवर ठेवलेल्या हातांवरून. मग खुंटीवरच्या कंपनीच्या निळ्या शर्टाची कॉलर उजळायची, मग पाण्याच्या पिंपाचे पोट. पिंपावर आली की तिचे दोन तुकडे व्हायचे आणि एक तुकडा उलटा फिरून पत्र्याखाली नाचत राहायचा. सगळ्यात शेवटी ती फरशीवर यायची. शहाबादी फरशी उन्हात निळसर दिसते, हे फार थोड्यांना माहीत असावे. कारण सकाळी इतका वेळ फरशीकडे बघत बसणारी माणसे थोडी.

प्रणय बसायचा. कॉटच्या कडेला, पाय वर घेऊन, गुडघ्यांभोवती हातांची मिठी घालून. तिरीप कॉटपाशी येईपर्यंत तो खाली उतरत नसे. हे घराने केव्हाच मान्य केले होते. आई म्हणायची, आबांच्या वळणावर गेलाय, त्यांनाही उजेडाचा नाद होता. धाकटी बहीण विशाखा म्हणायची, नाद कसला, आळस आहे. या दोन्ही मतांना तो हसून मान डोलवायचा. वाद घालणे हे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि खरे कारण विचारलेच, तर त्याने तेही उजेडावरच ढकलले असते.

त्या दिवशी तो न्हाणीतून बाहेर आला तेव्हा विशाखा दारातच उभी होती. तिची नुकतीच आंघोळ झाली होती आणि फरशीवर तिच्या ओल्या पावलांची रांग अजून वाळायची होती : गोल टाच, बाहेरच्या कडेने गेलेली बारीकशी पट्टी, पुढे बोटांचे ठिपके. त्या रांगेशेजारी प्रणयची रांग उमटत गेली. त्याचे पाऊल अख्खे उमटायचे. टाचेपासून बोटांपर्यंत ते कुठेही तुटत नसे, कुठेही बारीक होत नसे. ओल्या हाताने थापलेल्या भाकरीसारखे ते सपाट, सलग असे. विशाखाने त्या पावलांकडे पाहिले, मग दाराशी ठेवलेल्या त्याच्या चपलांकडे. दोन्ही चपला आतल्या बाजूने झिजून एकमेकींकडे कलल्या होत्या.

"दादा, तू ताठ उभा राहतोस आणि तुझ्या चपला एकमेकींच्या कानात बोलतात," ती म्हणाली. "आज डॉक्टर मॅडमची वेळ घेतलीय. परत पळून जाऊ नकोस."

विशाखा जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि तिथे हाडांचा विभाग सांभाळत होती. भावाच्या पायांवर तिचे लक्ष फार दिवसांपासून होते. तिनेच त्याला बुटात घालायचे उंच पॅड आणून दिले, तिनेच भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणायचे व्यायाम शिकवले. प्रणयने सगळे इमानाने केले. फरक आहे का, असे तिने विचारले की तो म्हणायचा, आहे की. शेंद्र्याच्या कारखान्यात तो सुट्या भागांची तपासणी करी. पांढऱ्या दिव्याखाली दिवसभर उभे राहायचे, हातात येणारा प्रत्येक भाग फिरवून पाहायचा आणि पुढे सरकवायचा. पाळी सुटल्यावर तो मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहायचा, म्हणजे बसपर्यंत आपण कसे चालतो हे कुणाला दिसू नये. बसमध्ये बसल्यावर तो बुटांच्या नाड्या सैल करी आणि डोळे मिटे. त्या अवस्थेसाठी त्याच्याकडे एकच शब्द होता. पाय जड झालेत, असे तो म्हणे. त्याहून वेगळा शब्द त्याने कधी वापरला नाही, आणि तो वापरायचा नाही हे त्याचे कधी ठरले, तेही आता त्याला आठवत नव्हते.

या पायांना एक इतिहास होता, आणि तो आबांनी दिलेला होता.

आबा म्हणजे त्याचे आजोबा, सखाराम. वडील लवकर गेले, तेव्हा प्रणय आणि विशाखा आईसह आबांकडे वेरूळला वाढली. आबांनी सारी हयात लेण्यांवर नोकरी केली. त्यांचे काम जगातल्या सगळ्यात हलक्या वस्तूला वाहून नेण्याचे होते : ते उजेड वाहून न्यायचे. एका मोठ्या पत्र्याला चंदेरी कागद चिकटवलेला असे. आबा तो पत्रा घेऊन लेण्याच्या बाहेर उन्हात उभे राहत, तो तिरका धरत, आणि ऊन पत्र्यावर आपटून आत अंधारात शिरे. पाहुणे आतून सांगत, जरा वर, जरा डावीकडे, आणि आबा बाहेरून, मूर्ती न बघता, मनगटाच्या हलक्या हालचालीने उजेड तिच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवत.

प्रणय शाळेत जायला लागला तेव्हा नळाजवळच्या ओट्यावर मुलांनी त्याची ओली पावले पाहिली आणि त्याचे नाव बदक ठेवले. तो रडत घरी आला. दुपारी आबांनी त्याला दहाव्या लेण्यात नेले, ज्याला गावात सुताराचे लेणे म्हणतात. तिथे बुद्ध पाय खाली सोडून बसलेला आहे, दोन्ही पावले समोर सपाट टेकवून. लहान मुलाच्या डोळ्यांना आधी ती पावलेच दिसतात. आबांनी त्याला मूर्तीसमोर उभे केले आणि स्वतः बाहेर गेले. थोड्या वेळाने उजेड आत आला. आधी तो छताच्या दगडी फासळ्यांवरून भिरभिरला, मग खांबांवरून घसरला आणि बुद्धाच्या पावलांवर येऊन स्थिर झाला.

"पाय बघ त्याचे," बाहेरून आबांचा आवाज आला, आणि लेण्याने तो दोनदा उच्चारला. "पुरते टेकलेत का नाय?"

"व्हय," प्रणय म्हणाला.

"खाली फट हाय का कुठं?"

"नाय."

मग तो उजेड हलला आणि प्रणयच्या स्वतःच्या अनवाणी पावलांवर येऊन थांबला. "तुझे बी तसेच हायेत," आबा म्हणाले. महापुरुषाच्या अंगावर बत्तीस खुणा असतात, असे एका भंतेजींनी त्यांना सांगितले होते, आणि त्यातली पहिली ही : पाय सगळीकडून जमिनीला टेकलेले. पोरांना काय कळतंय, आबा म्हणाले, पोरांनी कधी लेणं डोळं उघडून पाहिलंय का.

त्या दिवसापासून प्रणय कोणाच्या चिडवण्याला उलट बोलला नाही. त्याच्याकडे एक गुपित होते आणि ते त्याच्या तळपायाखाली सुरक्षित होते. दिवेलागणीला आबा त्याला मांडीशी घेऊन बसत, तळव्यांना खोबरेल लावत आणि काशाच्या वाटीने घासत. वाटीचा बुडाचा गोल टाचेपासून बोटांपर्यंत फिरत राहायचा, तेल काळे होत जायचे, आणि आबा काहीतरी पुटपुटत असायचे. प्रणयला ते सारे एखाद्या वंदनेसारखे वाटे. इतक्या आदराने त्याच्या देहाला पुन्हा कधी कोणी हात लावला नव्हता.

विशाखाला हे पटत नसे. मोठी झाल्यावर ती सरळ म्हणायची की खुणांवरून माणूस मोठा ठरवायचा असता, तर बाबासाहेबांना एवढं शिकायची गरजच पडली नसती. एकदा मात्र ती असे काही म्हणाली की प्रणय कितीतरी दिवस तिच्याशी मोजकेच बोलला. "अरे, तो अख्खा पाय डोंगरातून कोरून काढलाय," ती म्हणाली होती. "दगडाच्या पायाखाली फट असेल कुठून?"

दवाखान्यात गर्दी होती. विशाखा आत कामात होती आणि प्रणय बाकावर बसला. शेजारी एक धनगर पाय बाकावर घेऊन बसला होता. त्याचे नाव मल्हारी होते, तो गंगापूरकडून आला होता, आणि बाभळीचा काटा आत मोडून टाच सुजली होती. दुखण्याबद्दल त्याला काही लपवायचे नव्हते. काटा कुठे लागला, बायकोने सुईने काढताना कसा अजून आत सारला, जीपमध्ये कोणाचा पाय त्यावर पडला आणि आपण त्याला कोणती शिवी दिली, हे सारे त्याने न विचारता सांगितले. बोलता बोलता त्याने दुसरा, चांगला पाय फरशीवर टेकवला, आणि प्रणयची नजर त्यावर खिळली. तो पायही सपाट होता. पार सपाट. टाच बाहेर कललेली, घोटा आत झुकलेला, अगदी त्याच्यासारखा.

प्रणय अनोळखी माणसाशी आपणहून बोलत नसे. पण त्याने विचारले, तुमचा हा पाय पहिल्यापासून असाच आहे का.

"बापाचा बी असाच व्हता," मल्हारी म्हणाला. "मेंढरामागं दिसभर फिरतोय त्याच्यावर."

"आणि संध्याकाळी जड होतो?"

मल्हारीला प्रश्न कळला नाही. "जड म्हंजी?"

"म्हणजे... काही होतं का?"

"काय व्हायचंय? पाय हाय तो." मग तो हसला. "दुखला असता तर आख्खा गाव गोळा केला असता मी. ह्या काट्यासाठी बघा, बायकोला गावभर बदनाम केली."

प्रणयही हसला, पण त्याच्या आत कुठेतरी एक भांडे कलंडल्यासारखे झाले. आजवर तो असे धरून चालला होता की सपाट पाय म्हटला की असे असायचेच. पुरते टेकण्याची ती किंमत होती, आणि ती गुपचूप द्यायची होती. हा माणूस तसल्याच पायांनी रानोमाळ हिंडत होता आणि काहीच देत नव्हता.

डॉक्टर सत्यशीला यांचे केस पिकू लागले होते आणि आवाज शांत होता. त्यांनी आधी त्याचा एक्स-रे पाहिला, घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने दाबले, मग प्रणयला अनवाणी उभे करून मागून पाहिले. मग टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायला सांगितले. त्याने टाचा उचलल्या, आणि त्याच्या पायाखाली, मांजराने पाठ उचलावी तशी, एक कमान हळूच वर आली. टाचा टेकवल्या तशी ती पुन्हा विरघळली. विशाखाने त्याला ते भिंतीवरच्या आरशात दाखवले. स्वतःच्या पायाखालून पलीकडची फरशी दिसताना तो पहिल्यांदाच पाहत होता, आणि त्याला ओशाळल्यासारखे झाले.

"लवचीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ही चांगली गोष्ट आहे. पाय अजून आपला आकार विसरलेला नाही."

मग त्यांनी टेबलावर हाडांच्या पायाचा एक नमुना ठेवला आणि काय काय करता येते ते सांगितले. प्रणय ऐकत होता, पण बोटांऐवजी त्याला त्या पांढऱ्या हाडांत खांब दिसत होते, कोनाडे दिसत होते, बाहेरून कोणीतरी पाठवलेला उजेड दिसत होता. लहान मुलांमध्ये कधी घोट्याखालच्या पोकळीत एक छोटी खुंटी बसवतात, म्हणजे पाय आत कोसळत नाही. पण मोठ्या माणसाला ती बऱ्याचदा सलते आणि काढावी लागते, त्याच्यासाठी तो मार्ग त्या सुचवणार नव्हत्या. टाचेचे हाड कापून जरासे आतल्या बाजूला सरकवता येते आणि स्क्रूने धरून ठेवता येते, म्हणजे अंगाचा भार सरळ रेषेत उतरतो. पायाची बाहेरची कड आखूड पडली असेल तर तिथे हाड उघडून कमरेच्या हाडाची एक पाचर बसवतात, आणि कमान आपोआप वर येते. पोटरीचा आखडलेला स्नायू लांबवावा लागतो. आतल्या बाजूचा कमान उचलणारा स्नायुबंध थकून गेला असेल तर शेजारचा बंध त्याच्या कामाला लावतात. यातले काय काय एकत्र करायचे ते पाय पाहून ठरते. एका वेळी एकच पाय, काही आठवडे त्यावर भार नाही, मग प्लास्टर जाऊन पट्ट्यांचा बूट, मग कित्येक महिने पुन्हा चालायला शिकणे. आणि अगदी शेवटचा उपाय म्हणजे सांधे एकमेकांना कायमचे जोडून टाकणे. पाय आखडून गेला, आतून झिजला, की तेवढाच उरतो.

"आज तो आणि ती खुंटी सोडून बाकीचे सगळे तुमच्यापुढे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याच्या आधी एकच प्रश्न आहे. लवचीक सपाट पाय हा काही रोग नाही. कितीतरी माणसं त्यावर जन्म काढतात. तुमचे दुखतात का?"

"जड होतात," प्रणय म्हणाला.

"जड म्हणजे?"

"थकतात."

"मी दुखतात का असं विचारलं."

विशाखा भिंतीला टेकून उभी होती. तिने भावाकडे पाहिले नाही, खिडकीकडे पाहिले. खोलीत पंखा फिरत होता. प्रणयला वाटले, आता जो शब्द तोंडून जाईल तो दहाव्या लेण्यात दोनदा उमटेल. पायाखाली कमान आली की तिथे फट येईल, आणि त्या फटीतून आबा निघून जातील, त्यांचा चंदेरी पत्रा, त्यांची वाटी, तिचा गोल फिरणारा आवाज, सारेच.

"नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी हाडांचा नमुना उचलून पुन्हा कपाटावर ठेवला. "मग काही करायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "एक्स-रे देखणा यावा म्हणून मी हाड कापत नाही. एक्स-रेत मला आतला बंध सुजलेला दिसत नाही, तो तपासताना हाताला लागतो. मी दाबलं तेव्हा तुम्ही श्वास धरला होता. पण तुमच्या वतीने उत्तर मी देऊ शकत नाही. सोमवारी मी इथंच असते."

बाहेर आल्यावर रिक्षाला हात करता करता विशाखा एवढेच म्हणाली, "दगडाचे पाय दुखत नसतात, दादा. तेवढाच फरक आहे."

त्या रविवारी आबांचा स्मृतिदिन होता. सकाळी घरातच वंदना झाली, विशाखा ड्युटीवर गेली, आणि दुपारी आई आणि प्रणय एसटीने वेरूळला निघाले. हे दरवर्षीचे होते. आबांची राख नदीत गेली होती, त्यांच्यासाठी कुठे काही बांधलेले नव्हते. पण आई, करुणाबाई, म्हणायची की ते कुठे असतील तर लेण्याच्या तोंडाशीच, पत्रा धरून. दौलताबादच्या किल्ल्याला वळसा घालून बस घाट चढू लागली तेव्हा आईला डुलकी लागली. प्रणय खिडकीतून डोंगर पाहत होता, आणि चपलांत पायाची बोटे आखडून बसला होता.

दहाव्या लेण्यात शिरण्याआधी दोघांनी चपला बाहेर काढल्या. आतला दगड थंड होता. ऊन पश्चिमेला कलले होते आणि दर्शनी भागातल्या मोठ्या गवाक्षातून, आता कोणीही न पाठवता, आपले आपण आत येत होते. पत्रे धरणारी माणसे केव्हाच निवृत्त झाली होती. उजेड खांबांमधल्या दगडी जमिनीवर पडला होता, आणि बुद्धाची पावले अजून सावलीत होती. दोघे एका खांबाला टेकून बसले. कोणीतरी पाहुणा वरच्या सज्जात जाऊन एक लांब स्वर काढून गेला, आणि तो स्वर गेल्यावरही लेण्यात काही काळ राहिला.

"डॉक्टर म्हणाल्या, काही करायची गरज नाही," प्रणय म्हणाला.

आई पदराच्या टोकाने उगाच दगड पुसत होती.

"आबांना आवडलं नसतं ते, पाय कापणं," तो म्हणाला. मग, इतकी वर्षे कोणाला न सांगितलेले त्याने सांगितले. "रोज पूजा करायचे ना माझ्या पायांची. काशाच्या वाटीनं."

आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. "पूजा? कोण म्हणलं तुला पूजा?"

"तेल लावून... पुटपुटायचे काहीतरी."

"आपल्यात माणसाच्या पायाची पूजा कवा असती का रे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आधी थोडे हसू होते, मग ते गेले. "तू रडायचास बाबा. झोपंत. पाय पाय म्हणून उठायचास, लई रडायचास. वाटी फिरवली की गप व्हायचास. म्हणून ते झोपायच्या आधीच घासून ठिवायचे. अन् पुटपुटायचे कुठलं, तुला निजवायला अंगाई म्हणायचे, त्यांना बिचाऱ्यांना येत बी नव्हती नीट."

प्रणय समोर बघत राहिला. त्याला वाटीचा गोल आठवला, काळे पडलेले तेल आठवले, मांडीची ऊब आठवली. तेच सारे होते, तसेच; फक्त पत्रा कोणीतरी थोडा तिरका केला होता आणि उजेड दुसऱ्याच ठिकाणी पडला होता.

"दवाखान्यात बी नेलं होतं," आई सांगत होती. "ते म्हणले, मोठा झाला की जाईल. तवर शाळंत पोरं चिडवायला लागली, तर आबांनी तुला ह्यो बुद्धाचा पाय दावला. तू खूश झालास. रडायचा बी थांबलास. मला वाटलं, गेलं दुखणं. तू परत कधी बोलला नाहीस."

"आबांनाही वाटलं?"

आईने पदर खांद्यावर ओढून घेतला. "शेवटी शेवटी लई विचारायचे. पोराचे पाय दुखतात का गं अजून? मी म्हणायची, नाय, तो काय बोलत नाय. मग म्हणायचे, मी त्याला लई मोठं करून ठिवलं, आता बोलणार कसा त्यो."

गवाक्षातले ऊन आत सरकत होते. ते एकेक खांब मागे टाकत दगडी जमिनीवरून पुढे आले, आणि अखेर बुद्धाच्या पावलांवर टेकले. प्रणयने ती पावले पुन्हा पाहिली. ती सुंदर होती. पुरती टेकलेली होती. त्यांच्या अंगठ्याचा दगड शतकानुशतके हात लागून गुळगुळीत झाला होता, आणि त्यांना काहीही होत नव्हते. त्याला प्रथमच वाटले की या पावलांना त्याची गरज नाही. त्याने आपली पावले त्यांच्याशी जोडून ठेवली होती, त्यांनी नाही.

निघताना तो उठला आणि पहिले पाऊल टाकताना त्याचा श्वास अडला. आईने काही न विचारता हात पुढे केला. लेण्याच्या पायऱ्या तो तिच्या हाताला धरून उतरला, कडेकडेने, एकेक. चपला घालताना ती खाली वाकली आणि त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या, जशा लहानपणी ठेवायची. परतीच्या बसमध्ये तिने विचारले की वाटी अजून घरात आहे, रात्री काढू का. आणि तो म्हणाला, काढ.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी पडदा जांभळा झाला, आणि तिरीप पत्र्याखाली दिसली. ती काचेवर चमकली, मिटल्या पापण्यांवरून उतरली, शर्टाच्या कॉलरीला लागली, पिंपावर फुटली. प्रणय कॉटच्या कडेला पाय वर घेऊन बसला होता. तळव्यांना अजून खोबरेलाचा वास होता. विशाखा केस विंचरत दारात आली. तिला आज लवकर निघायचे होते. ती थबकली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"रोज काय बघतोस रे एवढं?"

तिरीप फरशीवर आली होती. फरशी निळसर झाली होती. प्रणयने तिच्याकडे पाहिले, मग फरशीकडे, जी अगदी जवळ होती आणि जिच्यावर त्याला अजून उतरायचे होते.

"काही नाही बघत," तो म्हणाला. "पाय खाली टेकवायचा धीर होईपर्यंत बसतो."

विशाखाचा हात केसांतच थांबला. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, आणि मग तोही थांबला. आई ऐकत असावी.

"थांब, तुझ्याबरोबर येतो दवाखान्यात," तो म्हणाला, आणि दोन्ही पाय खाली सोडले. थंड फरशीला आधी टाचा लागल्या, मग सगळा तळवा, नेहमीसारखा, पुरता. त्याने दात आवळले नाहीत, श्वास धरला नाही.

त्याचे पाय दुखत होते. लहानपणापासून दुखत होते.